रोजचं जेवून या

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या बोळात कुणाची साखर किती, हे सगळ्यांना ठाऊक असे. यात आमचा चोंबडेपणा काही नव्हता. माझा छापखाना आणि डॉक्टर इंगळेबाईंची लॅबोरेटरी यांच्यामध्ये एकच विटेची भिंत होती आणि तीही वर छतापर्यंत पोचलेली नव्हती. बाईंचा आवाज असा, की आमचं मशीन धडधडत असताना शेजारी उभ्या कंपोझिटरचं बोलणं मला कळत नसे, पण भिंतीपलीकडच्या बाईंचा शब्दन् शब्द कळे. "पाटील, एकशे तीस! शाब्बास! वाघ हाय वाघ!" असं कधी, तर कधी "देसाई, अहो काय हे? साखर कारखाना काढलाय काय पोटात?" हे ऐकून बोळातला पानवाला देसायांच्या पानात गुलकंद घालायचा बंद होई. अशी ती सत्तरच्या आसपासची वर्षं होती आणि गुप्ततेचं फॅड आमच्या बोळात अजून आलेलं नव्हतं.

बाई ठेंगण्या, रुंद, आणि चालत अशा की समोरच्यानंच बाजूला व्हावं. अंबाड्यात पेन्सिल खोवलेली असे आणि ती टेबलावर शोधण्यात त्यांचा बराच वेळ जाई. अस्सल कोल्हापुरी बायकांप्रमाणे त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" असंच बोलत. डॉक्टरी शिकायला मुंबईत राहिल्या, तिथल्या मैत्रिणींनी थट्टा केली, तरी ते सुटलं नाही. त्यांनी लग्न का केलं नाही हे मला माहीत नाही. दवाखाना न थाटता लॅबोरेटरीच का काढली, हे मात्र एकदा विचारलं होतं.

"शंकरराव, पेशंट लई बोलतात," त्या म्हणाल्या. "हितं दुखतंय, तितं दुखतंय, शेजारणीनं काय सांगितलं, सासू काय म्हणाली. बाटलीचं तसं नसतं. बाटली गप बसत्या आणि खरं सांगत्या."

खेड्यापाड्यातले लोक त्यांना सरळ 'लघवीच्या बाई' म्हणत. एस्टीतून उतरून विचारत विचारत येणारा माणूस हटकून आधी माझ्या छापखान्यात शिरे आणि लग्नपत्रिका निवडत बसलेल्या मंडळींसमोर गरजे, "पावणं, लघवीच्या बाई कुटं बसत्यात?" आमच्या गिऱ्हाइकांची तोंडं बघण्यासारखी होत. मी एकदा बाईंकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, "मग काय अत्तराच्या बाई म्हणतील? मी बघतो तेच म्हणतात की."

बघत त्या खरोखरच तेच. त्या काळी साखरेची पहिली परीक्षा लघवीवरच व्हायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवट झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटेसारखा तांबडा गाळ बसला की संपलंच. बाबालाल नावाचा त्यांचा मदतनीस लाकडी चिमट्यात नळी धरून उभा असे आणि बाई खिडकीच्या उजेडात ती बघत. मी डोकावलो की मलाही बघायला लावत. छपाईच्या धंद्यात शाईच्या छटा ओळखणं आलंच, म्हणून माझ्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा होता, आणि मला उगीचच त्याचा अभिमान होता.

बाटली खरं सांगते, हा त्यांचा सिद्धांत पहिल्यांदा हलवला तो शिरोळकडच्या एका बागाईतदारानं. धष्टपुष्ट माणूस, पायात करकरणाऱ्या वहाणा. कुणीतरी सांगितलं म्हणून सहज तपासायला आला आणि नळीत वीटच बसली. बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली घेऊन यायला सांगितलं. तो आला तेव्हा बरोबर बायको, दोन मुलगे आणि माहेरपणाला बोलावून घेतलेली लेक. लेक रडत होती. पुन्हा वीट. मग बाईंनी रक्त काढलं, तर रक्तातली साखर अगदी लहान मुलासारखी सरळ. बाईंनी रक्त तपासायचं यंत्र ठोकलं, बाबालालला झापलं, स्वतःलाही झापलं असावं. शेवटी त्यांनी ती रिकामी बाटली नाकाशी धरली.

"ह्यात आदी काय होतं?"

"काकवी हो. गुऱ्हाळातली." तो बिचारा गोंधळून म्हणाला. "पर इसळून घेतली हुती की."

"आणि कालच्या बाटलीत?"

"ती बी काकवीचीच. आमच्यात दुसऱ्या बाटल्याच न्हाईत."

बाई इतक्या हसल्या की इकडे आमचं मशीन थांबलं. रडणारी लेकही हसली. पण त्या दिवसापासून बाईंनी लहान तोंडाच्या धुतलेल्या बाटल्या स्वतःच द्यायला सुरुवात केली, आणि मला म्हणाल्या, "शंकरराव, बाटली गप बसत्या हे खरं. पण तिच्यात आधी काय होतं ते विचारावंच लागतं."

विचारण्याची सवय तिथून लागली. रक्ताच्या तपासणीला उपाशीपोटी यायचं असतं. चंदगडहून एक म्हातारा पहाटेची एस्टी धरून आला. बाईंनी विचारलं, काही खाल्लंय का? म्हणाला, काय बी न्हाई. पाण्याचा थेंब? न्हाई. हात पुढं करवून, दंडाला रबरी नळी बांधून झाली, तेव्हा बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "चहा?"

"चा घेतलाय की. गडहिंग्लजला गाडी थांबल्ती तवा."

"मग काय खाल्लं न्हाई कसं म्हणता?"

"चा म्हंजे काय खानं न्हवं, बाई."

"त्यात साखर न्हवती?"

"हुती की," म्हातारा म्हणाला. "पर ती चात हुती."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाईंनी त्याला बाबालालच्या घरी मुक्कामाला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायच्या आत रक्त घेतलं. बाबालालच्या घरी असे पाहुणे नेहमी असत. त्याची आई म्हणे, आमच्या घरात रात्री जेवलेला आणि सकाळी काही न खाता गेलेला पाहुणा बघून शेजारच्या बायका मला नावं ठेवतात.

पण खरा घोळ होता तो जेवणानंतरच्या तपासणीचा. जेवल्यावर दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं असतं, शरीर त्या जेवणाचं काय करतं ते कळावं म्हणून. आता आपला माणूस कसा आहे? तपासणी म्हटली की त्याला परीक्षा वाटते, आणि परीक्षा म्हटली की ती पास व्हायला पाहिजे. मग तो आदल्या दिवशी कडुलिंबाचा पाला चावतो, कारल्याचा रस पितो, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी चिमणीसारखी टोचून येतो. एरवी चार भाकरी आणि वर भाताचं शिखर. आकडा येतो सुरेख. डॉक्टर गोळ्या कमी करतात. माणूस पेढे वाटतो. साखर मात्र तिच्या जागी तशीच असते.

म्हणून बाईंनी नियम काढला, जो मी त्यांना मोठ्या टायपात छापूनही दिला: रोजचं जेवून या. तरी लोक येत ते अर्धी भाकरी खाऊनच. मग बाई म्हणाल्या, जेवून येऊच नका, डबा घेऊन या, माझ्यासमोर जेवा. लॅबोरेटरीच्या व्हरांड्यातल्या लांब बाकावर दुपारी पंगत बसू लागली. बाई दारात उभ्या राहून बघत. पण कोल्हापुरी माणूस एकटा कसा जेवणार? "घ्या की पावणं, घरचा खर्डा हाय," म्हणून एकाच्या डब्यातलं दुसऱ्याच्या डब्यात जाऊ लागलं. एकदा एका कागलकराच्या डब्यातला तांबडा रस्सा सगळ्या बाकावर फिरला, भिंतीवरून वास आला म्हणून माझे दोन कंपोझिटरही जाऊन बसले, आणि त्या दुपारचे सगळेच आकडे बाईंना फेकून द्यावे लागले. कंपोझिटरांचंही रक्त काढलं की नाही ते मी विचारलं नाही.

या सगळ्या पंगतीत बाईंचा लाडका माणूस होता हुपरीचा महादेवअप्पा. चांदीचे पैंजण घडवणारा कारागीर. दिवसभर शेगडीपुढं मांडी घालून बसायचं, फुंकणीनं ज्योत फुंकून पैंजणाच्या बारीक कड्या जोडायच्या, हा त्याचा जन्माचा धंदा. सडसडीत, मान जरा पुढं आलेली, बोलणं अगदी कमी. मधुमेह बरीच वर्षं होता. बाई महिन्यातला एक मंगळवार ठरवून देत आणि अप्पा हुपरीच्या गाडीनं न चुकता येई. डब्यात एक भाकरी आणि मेथीची भाजी. आकडा नेहमी सुंदर. "बघा, बघा ह्या माणसाकडं!" बाई सगळ्या व्हरांड्याला ऐकवत. "ह्याला म्हणतात पथ्य. शाब्बास, अप्पा! माझ्या ल्याबचं नाक हायसा तुम्ही!" अप्पा खाली बघून हसे. तो हसला की गावठी आंब्यासारखा सुरकुतलेला त्याचा चेहरा एकदम लहान मुलाचा वाटे.

त्याच अप्पाच्या पायाची गोष्ट आहे ही. ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

एका मंगळवारी अप्पा आकडा ऐकून, शाब्बास घेऊन उठला, आणि तो बसला होता तिथं फरशीवर ओला डाग दिसला. बाईंना वाटलं पाणी सांडलं. मग त्यांनी अप्पाला वहाण काढायला लावली. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला भोक पडलं होतं, कडा काळ्या, आत पू. ठिणगी पडली असावी, नाहीतर तापल्या चांदीचा कण. अप्पा स्वतःच चकित होऊन ते बघत होता.

"कदी झालं हे?"

"ठावं न्हाई, बाई."

"पायाला आग लागली आणि तुमाला ठावं न्हाई?"

"दुकत न्हाई की," अप्पा म्हणाला. "कायच दुकत न्हाई."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जखम धुऊन बांधली आणि अप्पाला त्याच्या डॉक्टरकडं धाडलं. पायाची जाणीव अशी एका दिवसात जात नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली, की पायातल्या शिरा मुक्या होतात, मग विस्तव कळत नाही, जखम भरत नाही, आणि एक दिवस पाय जातो. "आणि माझ्याकडं ह्या माणसाचा एकबी वाईट आकडा न्हाई, शंकरराव. म्हणजे माझं यंत्र खोटं, नाहीतर मी खोटा." त्यांनी यंत्र उघडलं, औषधं नवी आणली, नळ्या पुन्हा पुन्हा उकळल्या. स्वतःचं रक्त लावून पाहिलं, बाबालालचं लावलं, माझंही काढलं. यंत्र बरोबर होतं.

तेव्हा त्या हुपरीला जायला निघाल्या. कळवलं नाही. मला तिथल्या एका चांदीवाल्याकडच्या लग्नपत्रिका पोचवायच्या होत्या, म्हणून मीही त्याच गाडीत होतो. बाईंच्या मांडीवर उकळलेल्या सुया आणि लहान बाटल्यांचा डबा होता आणि वाटभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते सहन होईना. बाई गप बसल्या की काहीतरी बंद पडलंय असं वाटे.

अप्पाचं घर म्हणजेच कारखाना. बाहेरच्या खोलीत शेगडी, आत स्वयंपाक. आम्ही पोचलो तेव्हा अप्पा जेवायला बसला होता. ताटात भाताचा डोंगर, त्यावर आमटी, शेजारी गूळ आणि शेंगा. अगदी आपलं सगळ्यांचं असतं तसं जेवण. पायाला फडकं बांधलेलं. बाईंना दारात बघून त्याचा घास हातातच राहिला.

त्याची बायको, तिला सगळे अक्का म्हणत, लगबगीनं पुढं आली. "बाई, तुमी आज कशा? अजून मंगळवार आला न्हाई की."

"मंगळवारचं काय, अक्का?"

मग ते बाहेर आलं. अक्काला त्यात काही लपवण्यासारखं वाटतच नव्हतं. "मंगळवारी तुमच्याकडं यायचं असलं, की दोन दीस आदीपास्नं ह्यांचं सुरू हुतंय. भात न्हाई, गूळ न्हाई. कारल्याचा रस नि पाणी. चक्कर येऊन पडलं हुतं एकदा शेगडीवर. डब्याला मेथी मागत्यात, एरवी मेथीला शिवत न्हाईत. मी म्हंते, अवो आजारी पडशीला. तर म्हंत्यात, बाईंचा रिपोर चांगला यायला पायजे."

बाई खाली बसल्या. पाट नाही, काही नाही, तिथंच जमिनीवर. मला वाटलं आता अशी झोडपतील की सगळी गल्ली गोळा होईल. पण त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला पुढं व्हावं लागलं. "का, अप्पा?"

अप्पानं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "तुमी शाब्बास म्हंतासा न्हवं."

बाईंनी हातातला सुयांचा डबा जमिनीवर ठेवला.

"सगळ्यांम्होरं म्हंतासा. लांबलांबची मानसं ऐकत्यात. मी चवथीत शाळा सोडली, बाई. बानं हातात फुंकनी दिली. पैंजान चांगलं झालं तर कोन शाब्बास म्हंतंय व्हय? वाईट झालं तर परत येतंय, तेवडंच. उभ्या जल्मात मला तुमीच म्हनालायसा." मग जरा थांबून, "तुमाला फसवायचं न्हवतं. तुमच्या तोंडावर ते हसू बरं दिसायचं, म्हनून."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी लग्नपत्रिकांचं गाठोडं उचलून बाहेर गेलो, कारण तिथं माझं काही काम नव्हतं. परत आलो तेव्हा अप्पानं जेवण पुरं केलं होतं, बाईंनीच करायला लावलं होतं, आणि सगळे दोन तास व्हायची वाट बघत बसले होते. अक्कानं बाईंनाही जेवायला वाढलं होतं. मग त्याच खोलीत, शेगडीच्या शेजारी, बाईंनी अप्पाचं रक्त घेतलं. त्या दिवशी संध्याकाळी लॅबोरेटरीतून काही आवाज आला नाही. बाबालाल माझ्याकडे आला आणि नुसती मान हलवली. आकडा नेहमीच्या तिपटीच्या घरात होता.

अप्पाला कोल्हापुरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. सर्जननं स्पष्ट सांगितलं, जखम वर चढते आहे. इन्शुलिन देऊन साखर उतरली तर बोटांवर भागेल, नाही उतरली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. फुंकणीवाल्या कारागिराला पायाचं काय, असं कुणाला वाटेल. पण दिवसभर मांडी घालून, उजवा पाय खाली दाबून ज्यानं जन्म काढला, त्याला पाय गेला की बैठकच गेली. अक्का वॉर्डाबाहेरच्या झाडाखाली बसून राहिली. बाई सकाळ-दुपार-संध्याकाळ स्वतः रक्त घ्यायला जात, बाबालालला पाठवत नसत, आणि आकडा घेऊन स्वतःच परत जात.

मी एकदा संत्री घेऊन गेलो होतो, ती अप्पाला चालत नाहीत हे तिथं गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हा पाहिलं. बाई खाटेजवळ उभ्या राहून रेल्वेच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात आकडा सांगत होत्या. अप्पा उशीवरून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"बरा हाय का वाईट, बाई?"

"आकडा हाय. बरा न्हाई, वाईट न्हाई. खरा हाय."

"रागावलासा व्हय माज्यावर?"

"न्हाई."

"मग हसा की जरा."

बाई हसल्या नाहीत. बाहेर जिन्यात आल्यावर कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "शंकरराव, आकडा सांगणं हा माझा धंदा. मला मास्तरीण व्हायला सांगितलं होतं कुणी? पास-नापास मी करायला लागलो, म्हणून तो अभ्यास करून यायला लागला. चूक त्याची न्हाई."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही प्रेमानं म्हणत होता."

"तेच तर," बाई म्हणाल्या.

साखर उतरली. हळूहळू, चढत-पडत, पण उतरली. अंगठा आणि शेजारचं बोट गेलं, पाय राहिला. तो किती दिवस राहील याची खात्री मात्र कुणी दिली नाही. ज्या पायाला कळत नाही, त्याला रोज डोळ्यांनी बघावं लागतं, एवढंच सर्जननं सांगितलं.

आणि आमची भिंत मुकी झाली. यंत्र चालू असे, नळ्यांची किणकिण येई, बाबालालच्या चपला वाजत, पण बाईंचा आवाज नाही. पेशंट आत जाई, हळू आवाजात काही ऐके आणि बाहेर येई. देसाई एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि विचारलं, "बाई नाराज आहेत का हो आमच्यावर? पूर्वी कसं, शिव्या घातल्या की बरं वाटायचं." पानवाला म्हणाला, बाईंना गर्व झाला. काही लोक दुसरीकडे जाऊ लागले, जिथं डॉक्टर पाठीवर थाप मारतात. मला स्वतःला ती शांतता सोसवत नसे. इतकी मोठी, भरभरून बोलणारी बाई, आणि तिनं स्वतःच्या तोंडाची अशी कोरी पाटी करून बसावं, हे मला बघवत नसे. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी पेन्सिल शोधण्याचं सोंग केलं.

बाबालालनं मात्र एक सांगितलं. "चांगला आकडा आला ना, शंकरराव, की बाईसाब आतल्या खोलीत दार लावून हळूच टाळी वाजवत्यात. एकच. मग तोंड सरळ करून बाहेर येत्यात."

हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. लोक सांगायला लागले. "बाई, काल जोतिबाला गेलतो, पुरणाच्या तीन पोळ्या खाल्ल्या." बाई म्हणत, "बरं," आणि दंडाला नळी बांधत. "बाई, गोळ्या आठवडाभर घेतल्या न्हाईत, विसरलो." "बरं." ते 'बरं' कोरडंच असे, पण त्यात दार बंद झाल्याचा आवाज नसे. अप्पा आता ठरल्या दिवशी येत नसे. मनात येईल तेव्हा येई, आदल्या दिवशीचं सगळं सांगे, डब्यात भात आणे, आणि आकडे पूर्वीपेक्षा कितीतरी वाईट येत. त्या वाईट आकड्यांवर त्याचा डॉक्टर इन्शुलिन कमीजास्त करी, आणि पाय टिकून राहिला.

पुढं ऐंशीची वर्षं निम्मी उलटल्यावर एक विक्रेता बॅग घेऊन आला. नवी तपासणी निघाली आहे म्हणाला. एकदा रक्त घेतलं की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. आदल्या दिवशी उपास करा नाहीतर कारलं खा, तिला फसवता येत नाही. मला वाटलं, बाई नाचतील. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, ते काम मुंबईला पाठवून करून घ्यायचं ठरवलंही, पण विक्रेता गेल्यावर नुसत्याच बसून राहिल्या.

"काय झालं, बाई? ही तर तुमचीच तपासणी आली."

"चांगलीच हाय," त्या म्हणाल्या. "आता माणसाला काय विचारायलाच नको." आणि थोड्या वेळानं, "पण मी विचारणार. काय खाल्लं, का खाल्लं, ते त्या रक्तात कुठं असतंय?"

बाईंनी लॅबोरेटरी बंद केली ती गुडघ्यांनी दगा दिला म्हणून. धाकटी बहीण बेळगावला होती, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. कुणाला निरोपसमारंभ करू दिला नाही. स्टँडवर मी आणि बाबालाल, एवढेच सामान चढवायला. बेळगावची गाडी लागलेली, बाई पायरीवर एक पाय ठेवून उभ्या, आणि हुपरीच्या गाडीच्या बाजूनं अप्पा येताना दिसला. कापूस भरलेला जाड बूट घातलेला, काठी टेकत. म्हातारा झाला होता. त्याला कुणी कळवलं, मला माहीत नाही. बाबालालनंच कळवलं असावं.

दोघं समोरासमोर उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बाई म्हणाल्या, "बूट काढा."

"हितं?"

"हितंच. बसा त्या कट्ट्यावर."

अप्पा बसला. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी फलाटावर उकिडव्या बसल्या, आजूबाजूला शेंगांची टरफलं, पाणी, माणसांचे पाय. त्यांनी तो अपुरा पाय दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळवा उजेडाकडं धरून बघितला. जखम नव्हती. मग म्हणाल्या, "डोळं मिटा, अप्पा. माझ्या तोंडाकडं बघायचं न्हाई."

अप्पानं डोळे मिटले. बाईंनी अंगठ्यानं तळव्याचा पुढचा भाग दाबला.

"कळतंय?"

"न्हाई."

मधे दाबलं. "हितं?"

"न्हाई, बाई."

टाच. "आणि हितं?"

अप्पाच्या मिटल्या डोळ्यांच्या पापण्या हलल्या. मला त्या क्षणी वाटलं, आता हा म्हणेल, कळतंय. जाणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणेल. मीच म्हटलं असतं.

"न्हाई," अप्पा म्हणाला.

कंडक्टरनं घंटी मारली. बाबालालनं त्याला हात केला. बाईंचे डोळे भरले होते आणि त्या पुसत नव्हत्या, कारण हात मोकळे नव्हते. त्यांनी हात वर नेला, घोट्याच्या थोडा वर, आणि दाबलं नाही, तळहात नुसता तिथं ठेवला. या वेळी त्यांनी काही विचारलंही नाही.

"हितं कळतंय," अप्पा डोळे न उघडता म्हणाला. "तुमचा हात गार हाय, बाई."